तुम्ही बोटीवर असताना गाडी कोणाची?

पत्राचा सारांश: फोंडा तालुक्यातले एक वाचक, वय 36, मर्चंट नेव्हीत इंजिनीअर. वर्षातले सहा-सात महिने बोटीवर, बाकीचे घरी. घरात आई-वडील, पत्नी आणि पाच वर्षांची मुलगी. दारात दहा वर्षांची स्विफ्ट. चालवायला मजा येईल अशी युरोपियन सेडान घ्यायची त्यांची फार जुनी इच्छा आहे आणि आता 25 लाखांची तयारी झाली आहे. बंगळूरच्या एका डीलरकडे 2018 ची बीएमडब्ल्यू 330आय त्यांनी 21 लाखांना पाहून ठेवली आहे, ‘फक्त 43 हजार किलोमीटर’ चाललेली. दुसरा पर्याय नवी फोक्सवॅगन व्हर्टस जीटी, तिसरा पुण्यातली एक वापरलेली स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस 230. वडिलांचं म्हणणं, आपल्या रस्त्यांना एसयूव्हीच बरी. मित्र म्हणतात, एवढ्या पैशांत बीएमडब्ल्यू मिळत असताना व्हर्टस घेणं हा वेडेपणा. पाच आठवड्यांनी बोटीवर परतायचं आहे. ‘जुनी बीएमडब्ल्यू घेऊन फसेन का?’ एवढाच त्यांचा प्रश्न.

---

फसाल की नाही, हे त्या गाडीपेक्षा तुमच्या घरच्या वेळापत्रकावर जास्त अवलंबून आहे. पत्रात तुम्ही इंजिनाची ताकद लिहिलीत, गिअरबॉक्सचे प्रकार लिहिलेत, अगदी सीटच्या लेदरचा रंगसुद्धा लिहिलात. पण तुम्ही बोटीवर गेल्यावर गाडी कोण चालवणार, यावर सबंध पत्रात एक अर्धं वाक्य आहे: ‘बायकोकडे लायसन आहे, पण ती स्कूटरच वापरते.’ मी तिथंच थांबलो. कारण मग अर्थ असा निघतो की वर्षातले सहा-सात महिने ही गाडी उभी राहणार, आणि तीही गोव्यात.

गोव्यात गाडी उभी ठेवणं काय असतं, ते इथला पावसाळा काढलेल्या कुणालाही विचारा. कपाटातल्या चामडी बुटांवर जी बुरशी येते तीच लेदरच्या सीटवर, स्टिअरिंगवर आणि सीटबेल्टच्या पट्ट्यावर येते. ब्रेकच्या डिस्क दोन दिवसांत तांबूस होतात. ते काही नाही, चार ब्रेक मारले की जातं. पण दोन-तीन महिने गाडी हललीच नाही तर पॅड डिस्कला धरून बसतात. सनरूफच्या कोपऱ्यांत पाणी वाहून जायला बारीक नळ्या असतात. अंगणात आंबा-फणस असेल तर त्यांत पाल्याचा चुरा जाऊन नळी तुंबते, आणि पाणी छताच्या कापडामागून, खांबातून उतरत कार्पेटखाली साठतं. वरून हात लावला तर कार्पेट कोरडं लागतं. खालचा फोम मात्र पिळून काढावा इतका भिजलेला असतो, आणि नेमके तिथूनच वायरिंगचे जुडगे गेलेले असतात. उंदीर-घुशींचं तर बोलायलाच नको. बॉनेटखाली कोरडी जागा आणि चावायला वायर, त्यांना आणखी काय हवं?

मग बॅटरी. कुलूप लावून ठेवली तरी या गाड्यांतली काही युनिटं थोडी थोडी वीज ओढतच राहतात. काही आठवडे तसेच गेले की बॅटरी मान टाकते. बीएमडब्ल्यूत नवी बॅटरी बसवली की ती गाडीच्या संगणकात नोंदवावी लागते, नाहीतर चार्जिंग जुन्या बॅटरीच्याच हिशेबानं चालू राहतं. म्हणजे नाक्यावरच्या बॅटरीवाल्याला बोलावून काम भागत नाही.

पेट्रोलचंही तसंच. पंपावर आता 20 टक्के इथेनॉलवालं पेट्रोल मिळतं. एप्रिल 2023 पासूनच्या नव्या गाड्यांचे रबरी-प्लास्टिक भाग ते धरूनच बनवलेले आहेत. 2018 च्या गाडीचं तसं नाही. टाकीच्या झाकणाच्या आत किंवा मॅन्युअलमध्ये किती इथेनॉल चालतं ते छापलेलं असतं, ते आधी वाचा. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. रोज टाकी रिकामी होणाऱ्या गाडीला याचं काही वाटत नाही. अर्धी टाकी घेऊन चार महिने दमट हवेत उभ्या राहिलेल्या गाडीला वाटतं.

तुमचे वडील म्हणतील, मी रोज सकाळी पाच मिनिटं चालू करून ठेवीन. हे मी बऱ्याच घरांत ऐकलंय आणि ते करू नका. पाच मिनिटांत तेल पुरतं तापत नाही, आत जमलेली ओल तशीच राहते आणि स्टार्टरनं खाल्लेली वीजही बॅटरीत परत येत नाही. त्यापेक्षा आठवड्यातून एकदा एसी लावून फोंड्याहून बाणस्तारीमार्गे पणजीला जाऊन यावं. तेवढ्यात तेल तापतं, ब्रेक साफ होतात, टायर एकाच जागी दबून चपटे होत नाहीत. आता प्रश्न असा की हे कोण करणार? वडील 330आय घेऊन अरुंद रस्त्यावर समोरून येणाऱ्या कदंबा बसला वाट देतील का? पत्नी देतील का? त्यांना हे तुम्ही अजून विचारलेलं नाही, असं पत्रावरून वाटतं.

आता ‘फक्त 43 हजार किलोमीटर’. हे ‘फक्त’ तुमचं की डीलरचं? कमी चाललेली गाडी म्हणजे चांगली गाडी, हे आपल्याकडचं फार पक्कं गृहीतक आहे. तुम्ही स्वतः इंजिनरूममध्ये काम करता. उभ्या राहिलेल्या पंपाचे सील कसे होतात, ते मी तुम्हाला सांगायला नको. आठेक वर्षांच्या गाडीत कूलंटचे प्लास्टिकचे जोड, ऑइल फिल्टर हाउसिंगचं गॅस्केट, सस्पेन्शनच्या आर्मचे बुश, इंजिन माउंट, हे सगळं किलोमीटरनं कमी आणि वर्षांनी जास्त म्हातारं होतं. 43 हजारांत यांतलं काहीच बदललेलं नसेल, तर ते तुमच्या वाट्याला येणार आहे.

इंजिनाबद्दल मात्र तुमची निवड चुकीची नाही. या 330आयमधलं बी48 हे दोन लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन बीएमडब्ल्यूच्या चांगल्या इंजिनांत मोडतं. 252 अश्वशक्ती, जोर मागच्या चाकांना, झेडएफ कंपनीचा आठ गिअरचा ऑटोमॅटिक. ज्या वाचकांना याहून स्वस्त 328आय दिसत असेल त्यांनी सांभाळून राहावं: तिच्यातल्या एन20 इंजिनाच्या टायमिंग चेनचे प्लास्टिक गाइड झिजण्याचा त्रास प्रसिद्ध आहे. जुन्या 320डी मधल्या एन47 डिझेलचं दुखणं तर त्याहून वाईट, कारण तिथं चेन इंजिनाच्या मागच्या अंगाला, गिअरबॉक्सच्या बाजूला आहे. आवाज येऊ लागला की केवढं उतरवावं लागेल, ते तुम्हीच कल्पना करा.

पैशांचं बोलू. ती गाडी नवी असताना पंचेचाळीस लाखांच्या पुढची होती. आज गाडी 21 लाखांची झाली. तिचा हेडलाइट, तिचा रेडिएटर, तिचे शॉकअब्झॉर्बर मात्र अजून पंचेचाळीस लाखांच्या गाडीचेच आहेत. मित्रांच्या ‘त्याच पैशांत बीएमडब्ल्यू’मध्ये हेच राहून जातं. 25 पैकी 21 गाडीला दिले की उरलेल्या चारांतून विमा, गोव्याचा रोड टॅक्स, आणि रन-फ्लॅट (हवा गेल्यावरही काही अंतर चालणारे) टायर संपत आले असतील तर तेही. चार टायरच लाखाच्या घरात जातात. या गाडीत बहुधा स्टेपनीही नसते. रन-फ्लॅटची बाजू खड्ड्यात फुगली की रात्री चोर्ला घाटात तुम्ही आणि मोबाइलची रेंज. माझा आडाखा असा: अशी गाडी घ्यायची तर पहिल्या वर्षासाठी तीन-चार लाख वेगळे, हात न लावता ठेवता आले पाहिजेत. नसतील, तर तुमचं बजेट 25 नसून 21 च आहे आणि गाडी 17 ची शोधायला हवी.

बंगळूरची गाडी, त्यामुळे दोन गोष्टी जास्तीच्या. पहिली कागदांची. कर्नाटकातून एनओसी (ना हरकत दाखला), कर्ज असेल तर ते फिटल्याचं बँकेचं फॉर्म 35, मग गोव्यात नवा नंबर आणि गोव्याचा टॅक्स. दुसऱ्या राज्याच्या नंबरावर बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ गाडी इथं ठेवता येत नाही. कर्नाटकात भरलेल्या टॅक्सचा उरलेला भाग परत मागता येतो, पण त्यासाठी खेटे घालायला माणूस हवा. डीलर ‘सगळं आम्ही करतो’ म्हणतो. पूर्ण पैसे एनओसी हातात आल्यावर, असं त्याला म्हणून पाहा आणि चेहरा बघा.

दुसरी गोष्ट पाण्याची. सप्टेंबर 2022 च्या पावसात बंगळूरच्या पूर्वेकडच्या बंगल्यांच्या वसाहतींत महागड्या गाड्या पाण्यात बुडाल्या होत्या. त्यांतल्या काही धुऊन-पुसून बाजारात आल्या नसतील असं समजायचं कारण नाही. म्हणून पुढचा सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढा. वरचा, रोज वापरातला भाग कुणीही साफ करतो. आत गुंडाळलेल्या शेवटच्या हातभर पट्ट्यावर चिखलाची रेघ राहते. सीट मागे सरकवून खालच्या रुळाचे बोल्ट बघा, आतल्या बोल्टला गंज चढायचं एरवी कारण नसतं. डिकीचा गालिचा उचलून बॅटरीच्या खोबणीत बोट फिरवा. टायरच्या बाजूवर डीओटीपुढचे शेवटचे चार आकडे बघा: 1418 असेल तर टायर 2018 च्या चौदाव्या आठवड्यातला, म्हणजे गाडीइतकाच म्हातारा. गाडी थंड असतानाच पहिल्यांदा चालू करायची, हा हट्ट सोडू नका. तुम्ही पोचण्याआधी ‘जरा वॉर्मअप करून ठेवली’ असेल तर दुसऱ्या दिवशी जा. चासी नंबर देऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरकडून सर्व्हिसचा इतिहास आणि विम्याच्या क्लेमचा इतिहास मिळवा. डीलर यातलं काही देत नसेल तर तिथंच विषय संपला. आणि बीएमडब्ल्यूचंच काम करणाऱ्या, डीलरशी संबंध नसलेल्या गॅरेजमध्ये स्कॅनर लावून, गाडी लिफ्टवर चढवून बघायचे जे काही हजार लागतील ते द्या. हे करायला तयार नसलेल्यांनी वापरलेल्या युरोपियन गाडीच्या वाटेला जाऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

इथल्या इथं जुनी गाडी बघणाऱ्या वाचकांसाठी एक कानगोष्ट. किनारपट्टीच्या भागातली खासगी नंबरची सेडान ‘घरगुती वापराची’ म्हणून विकायला येते, पण तिनं दोन-तीन सीझन पर्यटकांना गुपचूप भाड्यानं जाऊन काढलेले असू शकतात. रिमच्या कडा, दारांच्या खालच्या पट्ट्या आणि सीटच्या रुळांतली वाळू खोटं बोलत नाहीत.

पुण्याची ऑक्टाव्हिया आरएस 230 तुम्ही तिसऱ्या क्रमांकावर टाकलीत, माझ्या मते ती दुसऱ्यावर हवी. (सेडान म्हणतात खरं, पण तिचं मागचं झाकण काचेसकट वर उघडतं, चवथीचा बाजार आणि गणपतीवर टांगायच्या माटोळीचं सामान दोन्ही एका फेरीत येतं.) 2017 मध्ये ती आली तेव्हा एक्स-शोरूम 24.62 लाख होती. त्यामुळे तिचे पार्ट त्या किमतीच्या गाडीचे आहेत, आणि हाच तिचा मोठा फायदा. 230 अश्वशक्ती, आणि डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) सहा गिअरची, ओल्या म्हणजे तेलात बुडालेल्या क्लचची. सात गिअरच्या कोरड्या क्लचवाल्यापेक्षा गर्दीत आणि चढावर ती जास्त सोशीक. डीएसजीचं तेल 60 हजार किलोमीटरला बदललेलं असायला हवं, पावती मागा. थर्मोस्टॅट-वॉटर पंपाचं प्लास्टिक हाउसिंग गळतं, तिथं कूलंटचे गुलाबी डाग बघा. पण खरी भीती वेगळी. ही गाडी हौशी लोकांनी घेतली, आणि हौशी माणूस रिमॅप करतो, म्हणजे इंजिनाच्या संगणकातली फाइल बदलून ताकद वाढवतो. विकताना तो फाइल काढून मूळची टाकतो, क्लचनं सोसलेलं काही निघत नाही. एक्झॉस्ट, इनटेक, स्प्रिंग मूळचे आहेत का ते खाली वाकून बघा. आणि 330आयला जो नियम लावला तोच हिलाही: पावसाळ्यात ती चालवणारा माणूस घरात हवा.

आता व्हर्टस. तुमच्या मित्रांना ती ‘तडजोड’ वाटते. तिच्यात उणिवा आहेतच. जीटीलासुद्धा मागे ड्रम ब्रेक दिलेत, हे या किमतीला शोभत नाही. स्टिअरिंग हलकं आहे. 330आय चालवून लगेच हिच्यात बसलात तर हात रिकामे वाटतील. पण 1.5 लिटरचं टर्बो, 150 अश्वशक्ती, 250 न्यूटन मीटर, हे केरीहून चोर्ला घाट चढायला कमी आहे का? ऑक्टोबरात धुकं फाटताना, रस्ता रिकामा असताना तो घाट तिसऱ्या गिअरमध्ये वळणावळणानं घेता येतो, आणि इंजिन पूर्ण वापरल्याचं समाधान मिळतं. 252 अश्वशक्ती तिथं कुठं वापरणार? दोन वळणांमधल्या तुकड्यात पाय पुरता खाली जाईपर्यंत पुढचा ट्रक येतो. स्पोर्ट म्हणजे ताकद, हे समीकरण जर्मनीच्या ऑटोबान महामार्गांवर खरं असेल. आपल्या रस्त्यांवर मजा वजनात, वळणात आणि गिअर हातात असण्यात जास्त आहे. हेच इंजिन सहा गिअरच्या मॅन्युअलबरोबर मिळत असेल तर आधी ते चालवून बघा. डीएसजी हवीच असेल तर लक्षात ठेवा, हिची सात गिअरची, कोरड्या क्लचची आहे. पर्वरीच्या रांगेत इंचाइंचानं सरकण्यापेक्षा पुढे जागा होऊ द्यावी, मग एकदम हलवावी.

वडिलांच्या एसयूव्हीच्या आग्रहात एक खरी गोष्ट आहे, ती मोडीत काढू नका. त्यांना उंची हवी आहे, आणि बहुधा गुडघ्यांसाठी हवी आहे. 330आयमध्ये बसणं म्हणजे जमिनीवर बसणं. त्यांना तिच्यात एकदा बसवा, उतरवा, आणि उतरताना ते दाराला कुठं धरतात ते बघा. व्हर्टसचा ग्राउंड क्लिअरन्स 179 मिलिमीटर आहे, गावातले मनमानी गतिरोधक चारजण बसवून ओलांडता येतात. 2023 च्या ग्लोबल एनकॅपच्या अपघात-सुरक्षा चाचणीत तिला पाच तारे मिळालेत, हेही त्यांना सांगा.

तर माझा कौल. पत्नी मनापासून ‘मी चालवीन’ म्हणत असतील आणि तीन-चार लाख बाजूला राहत असतील, तर आरएस 230 बघायला पुण्याला जा, 330आय त्यानंतर. दोन्हींपैकी एक अट जरी हुकत असेल तर व्हर्टस, किंवा तेच इंजिन असलेली स्कोडा स्लाव्हिया. ती नवीच हवी असंही नाही. वर्ष-दोन वर्षं चाललेली, कंपनीची वॉरंटी शिल्लक असलेली गाडी मिळाली तर पहिल्या मालकानं घसाऱ्याचा मोठा घास सोसलेला असतो. आज ना उद्या तुम्ही किनाऱ्यावरची नोकरी धरालच. तेव्हा बीएमडब्ल्यू घ्या, आणि वाचलेले पैसे जोडून सहा सिलिंडरची एम340आय बघा. चेन्नईत जोडलेल्या त्या गाड्या 2021 पासून रस्त्यावर आहेत, तोवर वापरलेल्यांच्या बाजारात बऱ्यापैकी उतरतील.

ट्रायल तुम्ही एकट्यानं घेऊ नका. पत्नीला स्टिअरिंगवर बसवा, स्वतः मागे मुलीशेजारी बसा. फर्मागुडीच्या चढावर गर्दीच्या वेळी थांबून पुन्हा निघणं, घराच्या गेटातून मागे घेणं, चिऱ्याच्या कुंपणांमधून समोरच्याला वाट देणं, एवढं त्यांना करू द्या. त्यांचं मत ‘छान आहे’ असं आलं तर तेवढ्यावर जाऊ नका, ‘उद्या एकटी म्हापशाला नेशील का?’ असं विचारा.

पाच आठवड्यांत बंगळूरचा व्यवहार, एनओसी आणि गोव्याचा नंबर हे सगळं उरकेल, असं धरून चालू नका. नंबर बदलायचा अर्ज असो की विम्याचा क्लेम, ओटीपी येतो तो मालकाच्या मोबाइलवर, आणि तुमचा मोबाइल असेल समुद्रात. म्हणून गाडी कोणतीही घ्या, ती पत्नीच्या नावावर घ्या. विम्यात इंजिन प्रोटेक्शन घालायला विसरू नका. पाण्यात बंद पडलेलं इंजिन पुन्हा चालू करायच्या नादात झालेलं नुकसान साध्या पॉलिसीत बसत नाही, आणि त्या वेळी गाडी तुमच्या हातात नसणार. वापरलेली गाडी घेतलीत तर चालू पॉलिसी चौदा दिवसांत नव्या नावावर करून घ्या. स्विफ्टचा नो क्लेम बोनस तुमच्या नावावर असेल तर तो पत्नीच्या गाडीला लागणार नाही. तेवढे हजार जातील, जाऊ द्यात.